विद्यार्थी मंडळांना मान्यता नियमाने द्या, मर्जीने नको

प्रति,
माननीय कुलगुरू, कुलसचिव, प्राचार्य आणि विद्यार्थी कल्याण विभागप्रमुख,
बेळगाव जिल्हा व सीमाभागातील सर्व पदव्युत्तर शिक्षणसंस्था

विषय : पदव्युत्तर विद्यार्थी मंडळांच्या मान्यतेचे नियम

सप्रेम नमस्कार.

पदव्युत्तर वर्ग सुरू झाले की आठ-पंधरा दिवसांत वाङ्मय मंडळ, नाट्य मंडळ, अर्थशास्त्राचा अभ्यासगट, पर्यावरण मंडळ असे अर्ज घेऊन मुले-मुली कार्यालयात येतात. कोणाचा अर्ज चार दिवसांत मार्गी लागतो, कोणाचा सत्र संपेपर्यंत फायलीत पडून राहतो. नाकारलेल्या अर्जावर 'नाकारला' असे कोणी लिहीत नाही आणि मंजूर झालेल्यालाही पुष्कळदा तोंडीच सांगितले जाते. पदव्युत्तर अभ्यासक्रम बहुधा चार सत्रांचा. पहिले सत्र ओळखीपाळखीत जाते, चौथे प्रकल्प आणि परीक्षेत. मंडळाचे खरे काम होते ते मधल्या दोन सत्रांत. त्यांतले एक मान्यतेची वाट पाहण्यात गेले, तर हाती उरतो एक स्वागत समारंभ आणि एक निरोप समारंभ.

या पत्राखाली निवृत्त प्राध्यापकांच्या, मंडळांच्या माजी पदाधिकाऱ्यांच्या आणि संस्थांचे हिशेब तपासणाऱ्या लेखापालांच्या सह्या आहेत. आमचे मागणे एकच आहे. मान्यता कोणत्या अटींवर, किती दिवसांत आणि कोणाच्या सहीने मिळते, कोणत्या कारणाने जाते, हे छापील नियमात असावे. आणि तो नियम कन्नड, मराठी, उर्दू अशा कोणत्याही भाषेत काम करणाऱ्या मंडळाला सारखाच लागावा. मराठी मंडळांना वेगळी सवलत आम्ही मागत नाही. सवलत देणारा बदलला की सवलत जाते, नियम मात्र मागे राहतो.

कर्नाटकात विद्यार्थी संघांच्या थेट निवडणुका १९८९च्या सुमारास बंद झाल्या. विद्यार्थी संघांच्या निवडणुका कशा घ्याव्यात हे सुचवणाऱ्या लिंगडोह समितीच्या शिफारशी सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये मान्य केल्या. अर्ज भरण्यापासून निकालापर्यंत १० दिवस, उमेदवारामागे ५,००० रुपये खर्चाची मर्यादा, निकालानंतर दोन आठवड्यांत खर्चाचा हिशेब असे बारकावे त्यांत आहेत. पण ते विद्यार्थी संघाच्या निवडणुकांचे नियम आहेत, वाङ्मय मंडळाचे किंवा अभ्यासगटाचे नाहीत. जिथे संघच नाही तिथे सभा चालवणे, ठराव लिहिणे, चार जणांच्या पैशाचा हिशेब ठेवणे हे शिकण्याची जागा मंडळांखेरीज दुसरी नाही. म्हणून या नियमांकडे किरकोळ कारकुनी काम म्हणून पाहू नये, अशी कळकळीची विनंती आहे.

आधी एक फरक स्पष्ट व्हावा. एकत्र येणे, वाचणे, चर्चा करणे, संघटना करणे हा राज्यघटनेच्या कलम १९(१)(ग) प्रमाणे नागरिकाचा हक्क आहे. तो कुलसचिवांच्या सहीतून येत नाही. मान्यतेने जे मिळते ते वेगळे : सभागृह, सूचनाफलकावर जागा, संस्थेच्या नावाचा मर्यादित वापर, अनुदान, हिशेबाचे खाते. नियमावलीच्या पहिल्याच परिच्छेदात हे लिहिले पाहिजे. नाहीतर मान्यता नसलेल्या सात-आठ जणांनी झाडाखाली बसून कविता वाचल्या तरी सुरक्षारक्षक 'परवानगी कुठे आहे' असे विचारतो, आणि त्या बिचाऱ्यालाही काय उत्तर मानावे हे ठाऊक नसते.

आता अटींकडे येतो. सदस्यसंख्येची अट जिथे २५ किंवा ३० ठेवलेली असते, तिथे लहान विभागांची मंडळे जन्मालाच येत नाहीत. भाषेच्या पदव्युत्तर विभागात दोन्ही वर्षे मिळून तेवढे विद्यार्थी असतीलच असे नाही. किमान १० नोंदणीकृत पदव्युत्तर किंवा संशोधक विद्यार्थी पुरेत, आणि ते एकाहून अधिक विभागांतले असले तरी चालावे. ओळखपत्राची प्रत किंवा नोंदणी क्रमांक एवढाच पुरावा मागावा. गुणपत्रिका, जातीचा दाखला, रहिवासी दाखला यांचा मंडळाच्या सदस्यत्वाशी संबंध नाही. माजी विद्यार्थी आणि बाहेरचे रसिक सहयोगी सदस्य होऊ शकतात. मत आणि पद मात्र चालू विद्यार्थ्यांकडेच राहावे.

सदस्यत्व सर्वांना खुले हवे. मराठी वाङ्मय मंडळात कन्नड मातृभाषेचा विद्यार्थी येऊ इच्छित असेल तर त्याला अडवता येणार नाही, आणि कन्नड संघात मराठी विद्यार्थिनीला अडवता येणार नाही. जात, धर्म, लिंग, भाषा, प्रांत, अपंगत्व यांवरून कोणाला नाकारणार नाही, असे वाक्य प्रत्येक मंडळाच्या घटनेत असलेच पाहिजे. मंडळाचा हेतू विशिष्ट असू शकतो, दार विशिष्ट लोकांपुरते असू शकत नाही.

मंडळाची घटना दोन पानांत मावते. नाव, हेतू, सदस्यत्व, पदाधिकारी व मुदत, निवडणूक, सभा व गणपूर्ती (सभेला लागणारी किमान उपस्थिती), पैसा, घटनादुरुस्ती, विसर्जन आणि शिल्लक रकमेचे काय करायचे, एवढे मुद्दे आले की झाले. संस्थेने नमुना घटना तयार करून दिली तर विद्यार्थ्यांचा महिना वाचतो आणि कार्यालयाचाही. गणपूर्ती एकतृतीयांश, पण पाचपेक्षा कमी नाही, असे ठेवावे. निम्म्याची अट कागदावर भारदस्त दिसते, प्रत्यक्षात सभा तहकूब होत राहतात, कारण खानापूर, निपाणी, चिक्कोडीहून रोज ये-जा करणारी मुले संध्याकाळी थांबूच शकत नाहीत. याच कारणाने मंडळांच्या नियमित बैठका साडेचारच्या आत संपाव्यात, असेही नियमात असावे. जून २०२३ पासून शक्ती योजनेत कर्नाटकातील महिलांना साध्या सरकारी बसचा प्रवास मोफत आहे. मुलींना शिकायला बाहेर पडणे त्यामुळे सोपे झाले, पण सायंकाळच्या बसगाड्यांत पाय ठेवायला जागा नसते. सहाची बस चुकली की पुढची कधी, या धास्तीने मुली पदे घेत नाहीत आणि कार्यकारिणीत वसतिगृहातली किंवा शहरातली मुलेच उरतात. वेळेचा एक साधा नियम हे बदलू शकतो.

सल्लागार प्राध्यापकाची अट बहुतेक ठिकाणी आहे आणि ती योग्यही आहे. अडचण 'पूर्णवेळ कायम प्राध्यापक' या शब्दांत आहे. अनेक विभाग अतिथी प्राध्यापकांच्या बळावर चालतात, आणि कायम असलेल्या एक-दोघांकडे परीक्षा, मूल्यांकन, संशोधक विद्यार्थी असा सगळा भार असतो. अशा विभागात सल्लागार मिळत नाही म्हणून मंडळ होत नाही. उपाय सोपा आहे. कायम प्राध्यापक दुसऱ्या विभागातला असला तरी चालावा, आणि अतिथी प्राध्यापकाला सहसल्लागार होता यावे. सल्लागाराची बदली झाली, ते निवृत्त झाले किंवा त्यांनी काम सोडले तर मान्यता आपोआप जाऊ नये. नवा सल्लागार मिळवायला ३० दिवस द्यावेत आणि तोवर विभागप्रमुखांनी सही करावी. सल्लागाराचे काम काय नाही, हेही लिहा. कार्यक्रमाचा विषय ठरवणे, वक्ता निवडणे, निवडणुकीत कोणाला उभे करायचे हे सांगणे त्यांच्याकडे नाही. पैशावर नजर, सुरक्षिततेवर नजर आणि विद्यार्थी अडले तर मदत, एवढ्यासाठी सल्लागार असतो.

मुदतीचा प्रश्न सर्वांत कळीचा आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. प्रवेशाच्या फेऱ्या लांबतात, वर्ग कधी ऑगस्टमध्ये तर कधी ऑक्टोबरनंतर सुरू होतात. तेव्हा '३१ जुलैपर्यंत अर्ज करावा' अशी तारीख नियमात घालून उपयोग नाही. अर्जाची मुदत वर्ग सुरू झाल्या दिवसापासून मोजावी : ३० दिवस अर्जासाठी. अर्ज घेताना तारीख आणि आवक क्रमांक घातलेली पोच द्यावी. ही पोच नसल्यामुळेच पुढचे सारे वाद होतात, कारण अर्ज केव्हा आला हे कोणालाच सिद्ध करता येत नाही. कार्यालयाने १० कामकाजाच्या दिवसांत छाननी करावी आणि त्रुटी असतील तर सर्व एकाच पत्रात कळवाव्यात. आज एक त्रुटी, ती भरून आणली की दुसरी, अशा फेऱ्यांत दोन-दोन महिने जातात. त्रुटी दूर करायला विद्यार्थ्यांना १० दिवस, निर्णयाला आणखी १० कामकाजाचे दिवस. अर्जापासून ३० कामकाजाच्या दिवसांत लेखी निर्णय आला नाही, तर त्या वर्षापुरती तात्पुरती मान्यता मिळाली असे धरावे. नकार द्यायचा तर नियमावलीतल्या कोणत्या कलमाखाली, ते पत्रात लिहावे. 'सध्याची परिस्थिती पाहता' हे कारण नव्हे.

दुसऱ्या वर्षी नूतनीकरणासाठी नवा अर्ज लागू नये. सदस्यांची यादी, एका पानाचा अहवाल आणि जमाखर्च दिला की मान्यता पुढे चालू राहावी.

भाषेबद्दल स्पष्टच बोलले पाहिजे. कर्नाटकात प्रशासनाची भाषा कन्नड आहे, आणि कार्यालयातल्या लिपिकाला मराठी इतिवृत्त वाचता येत नाही, ही त्याची अडचण खरी आहे. मराठी मंडळाची सभा मराठीत होते, ठराव मराठीत सुचतात, ही विद्यार्थ्यांची गरजही तितकीच खरी आहे. यावर भांडायची गरज नाही. मंडळाने आपले इतिवृत्त आपल्या भाषेत लिहावे आणि प्रत्येक सभेच्या शेवटी सात-आठ ओळींचा कन्नड किंवा इंग्रजी गोषवारा जोडावा : तारीख, उपस्थिती, ठराव, मंजूर रक्कम. कार्यालयाला लागते ती माहिती एवढीच. अर्जाचा नमुना, नमुना घटना आणि नियमावली कन्नड, मराठी आणि इंग्रजी या तिन्ही भाषांत द्यावी. भाषिक अल्पसंख्याकांसाठी केंद्र आणि राज्यांनी मान्य केलेल्या संरक्षण योजनेत, जिथे अल्पसंख्याक भाषकांचे प्रमाण १५ टक्के किंवा अधिक आहे तिथे महत्त्वाचे नियम व सूचना त्यांच्या भाषेतही प्रसिद्ध करण्याची तरतूद आहे. तिच्यावर देखरेखीसाठी घटनेच्या कलम ३५०-ख प्रमाणे स्वतंत्र अधिकारी असतो. ही तरतूद प्रामुख्याने सरकारी कार्यालयांसाठी असली, तरी तिचा हेतू शिक्षणसंस्थेला परका नाही.

फलकांवरून होणारे वादही आधीच टाळता येतात. नामफलकांवर वरच्या बाजूला ६० टक्के कन्नड असावे हा राज्याचा नियम मुख्यतः व्यवसाय आणि आस्थापनांच्या नामफलकांसाठी आहे. एका दिवसाच्या कवितावाचनाच्या भित्तिपत्रकाला तो लागतो की नाही, याचा निर्णय दरवेळी सुरक्षारक्षकावर किंवा फलक काढायला आलेल्या गटावर सोडू नये. संस्थेने एक ओळ लिहावी : आवारातील कार्यक्रमाच्या सूचनेवर कार्यक्रमाचे नाव, स्थळ, वेळ आणि मंडळाचे नाव कन्नडमध्येही असावे, उरलेला मजकूर मंडळाच्या भाषेत चालेल. मंडळे हे आनंदाने पाळतील, कारण त्यामुळे कन्नड श्रोतेही येतात. फलकाची मुदत संपली की तो मंडळानेच काढावा, आणि त्याआधी दुसऱ्या कोणी काढला तर ती तक्रार समजावी.

पैशाचा भाग कोरडा वाटेल, पण मंडळे बुडतात ती इथेच.

वर्गणी, देणगी, तिकीट असा सगळा पैसा आजकाल खजिनदाराच्या स्वतःच्या फोनवरच्या क्यूआर कोडवर येतो. बँका नोंदणी नसलेल्या मंडळाचे खाते सहजी उघडत नाहीत. ठराव, घटना, पॅन, सह्या करणाऱ्यांची कागदपत्रे मागतात, आणि ते बरोबरच आहे. त्यामुळे खाते खजिनदाराचे, पैसा मंडळाचा. घरच्यांनी पाठवलेले पैसे, शिष्यवृत्ती आणि मंडळाची वर्गणी एकाच पासबुकात मिसळते, आणि तो मुलगा उत्तीर्ण होऊन गेला की शिल्लक किती होती हे कोणालाच सांगता येत नाही. यात दर वेळी लबाडी असते असे मुळीच नाही. प्रामाणिक मुलेसुद्धा अशा हिशेबात नाहक बदनाम होतात. मंडळाने सोसायटी म्हणून नोंदणी करावी, असा सल्ला कधी दिला जातो. कर्नाटक संस्था नोंदणी अधिनियम १९६० प्रमाणे सात जण मिळून नोंदणी करता येते, पण पुढे दरवर्षी विवरणे भरावी लागतात. दर वर्षी पदाधिकारी बदलणाऱ्या विद्यार्थी मंडळाला ते झेपत नाही. त्यापेक्षा संस्थेच्याच खात्यात प्रत्येक मान्यताप्राप्त मंडळाची स्वतंत्र खतावणी ठेवावी. मंडळाला एक संकेतांक द्यावा, संस्थेच्या ऑनलाइन भरणा पानावर तो निवडून वर्गणी भरता यावी, आणि महिन्याच्या अखेरीस वित्त विभागाने शिल्लक कळवावी.

खर्चाला दोन सह्या : खजिनदार आणि सल्लागार. हातात रोख १,००० रुपयांपेक्षा जास्त ठेवू नये. पावती पुस्तक क्रमांकित असावे, आणि रद्द केलेली पावती फाडून न टाकता दोन्ही प्रतींसह पुस्तकातच ठेवावी. हिशेब तपासताना पहिला संशय हरवलेल्या क्रमांकावरच जातो. ५,००० रुपयांपेक्षा जास्त रोख दिली तर घेणाऱ्याच्या पावतीवर एक रुपयाचा रेव्हेन्यू स्टॅम्प लागतो. चहावाल्याकडे, रिक्षावाल्याकडे पक्के बिल मिळत नाही; तिथे ५०० रुपयांपर्यंत घेणाऱ्याच्या सहीचे व्हाउचर मान्य करावे. ते मान्य होत नाही म्हणून दुसऱ्याच दुकानाचे बिल जोडण्याची वाईट सवय मुलांना लागते. खोटा कागद करायला आपणच शिकवायचे आणि मग शिस्तीची भाषा बोलायची, हे शिक्षणसंस्थेला शोभत नाही.

अनुदान द्यायची पद्धतही बदलावी. आधी खर्च करा, मग बिले द्या, मग मंजुरी, मग परतावा, या क्रमाने पैसे परत यायला काही महिने लागतात. ज्याच्या घरून तोवर पैसे येऊ शकतात तोच विद्यार्थी मग सचिव किंवा खजिनदार होतो. शेतमजुराच्या, विणकराच्या मुलीला पद घेणे परवडत नाही, आणि याची नोंद कुठल्याच अहवालात होत नाही. मंजूर अंदाजपत्रकाच्या ७५ टक्के रक्कम कार्यक्रमाच्या आधी पाच दिवस उचल म्हणून द्यावी, कार्यक्रमानंतर १५ दिवसांत हिशेब घ्यावा आणि उरलेले २५ टक्के त्यानंतर द्यावेत. मागच्या उचलीचा हिशेब पुरा झाल्याशिवाय नवी उचल नाही, एवढा बंधारा पुरेसा आहे.

देणग्यांबाबत दोन गोष्टी. राजकीय पक्ष, लोकप्रतिनिधी किंवा निवडणुकीतला उमेदवार यांच्याकडून मंडळाने पैसे घेऊ नयेत, कोणत्याही बाजूचे असोत. दुकानदारांच्या जाहिराती घेतल्या तर त्यांची यादी हिशेबाला जोडावी. दुसरी गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. माजी विद्यार्थी परदेशांत आहेत आणि ते प्रेमाने पैसे पाठवतात. पाठवणारा भारतीय नागरिक असेल आणि पैसा त्याच्या स्वतःच्या बचतीचा असेल तर तो परकीय देणगीत मोडत नाही. पण त्याने दुसऱ्या देशाचे नागरिकत्व घेतले असेल तर परकीय योगदान नियमन अधिनियम २०१० लागू होतो आणि तशी नोंदणी किंवा पूर्वपरवानगी नसलेल्या मंडळाला ते पैसे घेता येत नाहीत. एक साधा प्रश्न देणगीच्या नमुन्यात छापला तर पुढचा मोठा घोळ टळेल.

कार्यक्रमाच्या परवानगीत कार्यालयाने चारच गोष्टी पाहाव्यात : जागा, वेळ, गर्दी आणि सुरक्षितता. विषय आणि वक्त्याची भाषा या चारांत येत नाही. वर्गखोलीतल्या कार्यक्रमाला तीन कामकाजाच्या दिवसांची सूचना पुरे. बाहेरचा पाहुणा असेल किंवा शंभरावर श्रोते असतील तर दहा दिवस. कार्यालयाने अर्ध्या मुदतीत उत्तर द्यावे, म्हणजे नकार आला तर पाहुण्याला वेळेवर कळवता येते. ध्वनिक्षेपकाबाबत २००० सालचे ध्वनिप्रदूषण नियम आहेतच : रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद, आणि शिक्षणसंस्थेच्या भोवतीचा भाग शांतता क्षेत्र घोषित असेल तर दिवसाची मर्यादा ५० डेसिबल. उघड्यावरच्या मंचाऐवजी सभागृह वापरले की हा प्रश्न बहुतेक सुटतो. म्हणून सभागृहाची अनामत विद्यार्थ्यांच्या आवाक्यात ठेवा.

नाट्य मंडळांसाठी एक खुलासा, कारण बेळगावात एकांकिकेची हौस मोठी आणि तारांबळही मोठी. प्रताधिकार अधिनियम १९५७च्या कलम ५२ प्रमाणे शिक्षणसंस्थेच्या उपक्रमाचा भाग म्हणून विद्यार्थी व शिक्षकांनी केलेल्या प्रयोगाला सूट आहे. चित्रपट दाखवायचा तर प्रेक्षक विद्यार्थी, शिक्षक, पालक आणि संस्थेच्या उपक्रमाशी संबंधित लोकांपुरतेच हवेत. नाटकाचा तोच प्रयोग बाहेरच्या रंगमंदिरात तिकीट लावून केला तर लेखकाची लेखी परवानगी आणि मानधन दोन्ही लागतात. परवानगीच्या नमुन्यात 'प्रेक्षक कोण' आणि 'तिकीट आहे का' हे दोन रकाने घातले की कोणत्या प्रयोगाला कोणता कागद लागतो हे आपोआप कळते.

आता सीमाभागाची खास अडचण. १ नोव्हेंबर (कर्नाटक राज्योत्सव आणि सीमाभागातला काळा दिन), १७ जानेवारी (सीमालढ्यातला हुतात्मा दिन), डिसेंबरमधले बेळगावातले विधिमंडळाचे अधिवेशन या काळात बंदोबस्त वाढतो, लॉज भरलेले असतात, मिरवणुका आणि मोर्चांमुळे रस्ते वळवले जातात. या दिवशी मंडळांनी मोठा कार्यक्रम ठेवूच नये, असे आम्ही म्हणणार नाही, पण ठेवायचा तर नुसत्या तोंडी भरवशावर ठेवू नये. शिवाय वातावरण तापले की दोन्ही राज्यांच्या बसगाड्या सीमेवर थांबतात. फेब्रुवारी २०२५ मध्येही तसे झाले. कोल्हापूरहून, पुण्याहून निघणारा पाहुणा अशा वेळी येऊ शकत नाही. आज अशा प्रसंगी अनामत जप्त होते, उचल अंगावर पडते आणि 'कार्यक्रम केला नाही' असा शेरा मंडळाच्या नावावर चढतो. नियमात एक कलम हवे : वाहतूक बंद, जमावबंदी किंवा पोलिसांची सूचना यामुळे कार्यक्रम पुढे ढकलला तर अनामत आणि परवानगी पुढच्या ६० दिवसांत वापरता येईल, आणि झालेला खर्च हिशेबात मान्य होईल. दूरस्थ सभेची सोय असलेली एक खोली प्रत्येक संस्थेने मंडळांना मिळू द्यावी, म्हणजे वक्ता अडकला तरी व्याख्यान बुडत नाही.

सहलींचेही तसेच. राजहंसगड, हलशी, कित्तूर यांना काही अडचण नाही. पन्हाळा किंवा गोवा ठरले की भाड्याच्या गाडीला दुसऱ्या राज्यात जाण्याचा परवाना आहे का, हे आगाऊ पैसे देण्यापूर्वी पाहावे. नसला तर गाडी राज्याच्या सीमेवर अडकते, दंड भरावा लागतो आणि चाळीस मुले रस्त्यावर उभी राहतात. परवान्याची, विम्याची आणि चालकाच्या लायसन्सची प्रत सहलीच्या अर्जाला जोडणे सक्तीचे करा. मुलींसोबत एक महिला प्राध्यापक असणे हेही.

पदाधिकाऱ्यांची निवड आणि सूत्रांची अदलाबदल योग्य वेळी झाली तर मंडळ टिकते. परीक्षेनंतर निवडणूक ठेवली की जुने निघून गेलेले असतात आणि नव्यांना कपाटाची किल्ली कोणाकडे आहे हेही ठाऊक नसते. सम सत्राच्या पहिल्या महिन्यात निवडणूक घ्यावी. पहिल्या वर्षाचे विद्यार्थी तेव्हा एक सत्र जुने असतात, दुसऱ्या वर्षाचे अजून आवारात असतात, आणि उरलेले सत्र दोघे मिळून काम करतात. किर्द, पावती पुस्तके, इतिवृत्त, शिक्का, किल्ल्या, प्रलंबित उचल, मंडळाच्या ईमेलचा आणि समाजमाध्यमावरच्या पानाचा संकेतशब्द यांची यादी करून दोन्ही कार्यकारिणींनी सल्लागारासमोर सह्या कराव्यात. समाजमाध्यमावरचे पान संस्थेने दिलेल्या ईमेलवरच उघडावे. खासगी ईमेलवर उघडलेले पान विद्यार्थ्यासोबतच जाते, आणि मग मंडळाच्या नावाने त्यावर काय लिहिले जाते यावर कोणाचाही ताबा राहत नाही. संशोधक विद्यार्थी तीन ते सहा वर्षे असतात, त्यांचा अनुभव मंडळाला हवाच, पण एकाच पदावर एक वर्ष आणि कार्यकारिणीत एकूण दोन वर्षे, ही मर्यादा त्यांनाही असावी.

तक्रार आणि शिस्त यांबाबत घाईने काही करू नये. लेखी तक्रार, सात दिवसांची नोटीस, बाजू मांडण्याची संधी, १५ कामकाजाच्या दिवसांत कारणांसह निर्णय, हा क्रम मोडता येणार नाही असा असावा. एका सदस्याच्या गैरवर्तनासाठी मंडळाची मान्यता काढू नये; कार्यकारिणीने ठरवून केले किंवा माहीत असून झाकले, तरच मंडळ जबाबदार. जिवाला धोका असेल तर मान्यता तात्पुरती स्थगित करता येईल, पण १५ दिवसांपेक्षा जास्त नाही. लैंगिक छळाची तक्रार मंडळाने आपसात मिटवू नये, ती थेट अंतर्गत समितीकडे गेली पाहिजे. रॅगिंगची तक्रार रॅगिंगविरोधी समितीकडे. मान्यतेच्या निर्णयावर अपील कुठे करायचे याचे उत्तर तयारच आहे : विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२३च्या नियमांप्रमाणे प्रत्येक संस्थेत विद्यार्थी तक्रार निवारण समिती असायला हवी, तिने १५ कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा असतो, आणि त्यावर समाधान झाले नाही तर १५ दिवसांत विद्यार्थ्यांच्या तक्रारींसाठी नेमलेल्या लोकपालाकडे जाता येते. मान्यता नाकारणाऱ्या प्रत्येक पत्राच्या तळाशी या समितीच्या अध्यक्षांचे पद आणि कार्यालयाची खोली छापावी. ज्यांना अपील करता येते त्यांना ते करता येते हे माहीत नसणे, ही नित्याची गोष्ट आहे.

पुढच्या शैक्षणिक वर्षाचे वर्ग सुरू होण्याच्या दोन महिने आधी आपण नियमावलीचा मसुदा तिन्ही भाषांत सूचनाफलकावर लावावा, हरकतींना २१ दिवस द्यावेत, आणि त्या ऐकणाऱ्या समितीत वेगवेगळ्या विभागांतले किमान तीन विद्यार्थी घ्यावेत, त्यांत एक तरी रोज बसने ये-जा करणारी विद्यार्थिनी असावी. मराठी मसुदा आणि हिशेबाचे नमुने तयार करून द्यायला आम्ही तयार आहोत. कन्नड मसुद्यासाठी कन्नड विभागातल्या सहकाऱ्यांसोबत बसायलाही तयार आहोत. बैठकीची तारीख कळवावी.

आपले विश्वासू,
सीमाभागातील निवृत्त प्राध्यापक, विद्यार्थी मंडळांचे माजी पदाधिकारी व लेखापाल
बेळगाव